पाऊण किलोचं पांघरूण

नागपूरचा माणूस उन्हाळ्यावर तासभर बोलेल, पण इथल्या हिवाळ्याला फारसं कोणी मोजत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा-बारा अंशांवर येतो, आणि उत्तरेकडून कोरडं वारं सुटलं की त्याहून खाली घसरतो. २९ डिसेंबर २०१८ ला तर शहरात ३.५ अंश नोंदले गेले. घरात राहणाऱ्याची थंडी खिडकी लावली की संपते. वावरात जागलीला, म्हणजे रात्री पिकाची राखण करायला, गेलेल्याला ती पहाटेपर्यंत अंगावर काढावी लागते.

माझ्या मामाजींचं वावर काटोलकडे आहे. थोडी संत्री, बाकी हरभरा आणि गहू. रब्बी उभी राहिली की रात्री रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, येतात. कृषिपंपाची लाइट रात्रपाळीची असेल तर ओलितही रात्रीच करावं लागतं. त्यामुळे हिवाळाभर घरातलं कोणी ना कोणी वावरात झोपतं. मी नोकरीसाठी नागपुरात राहते, तरी शनिवारी संध्याकाळी गाडी काढून जागलीला जाणं मी सोडलेलं नाही. मला ते मनापासून आवडतं. अडचण पांघरुणाचीच होती.

गोधडी उबदार खरी, पण दवाने ओली झाली की जड होते आणि वाळायला अख्खा दिवस घेते. घोंगडी दवाला दाद देत नाही, मात्र ती गाडीवर बांधून रोज न्यायची-आणायची म्हणजे दुसरं कुठलंच सामान बसत नाही. हिमालयातल्या ट्रेकसाठी घेतलेली स्लीपिंग बॅग होती माझ्याकडे. ती उणे तापमानासाठी बनलेली, बारा अंशांत तिच्यात घाम फुटतो. शिवाय हरभऱ्यात डुकरं शिरल्याची चाहूल लागली की बॅटरी घेऊन तडक उठायचं असतं. त्या वेळी गळ्यापर्यंत लावलेली चेन चाचपडत बसणं परवडत नाही.

मला हवं होतं ते असं: पाठपिशवीत मावेल, दव पडलं तरी चालेल, झटकून अंगावरून काढता येईल आणि सकाळी नागपूरला परतायच्या आत वाळेल. हे सगळं शोधता शोधता मी पोंचो लाइनरपर्यंत पोहोचले.

हे अमेरिकी सैन्यातलं पांघरूण. १९६० च्या दशकात, व्हिएतनामच्या युद्धात ते सैनिकांच्या हाती आलं. तिथल्या पावसात लोकरीची ब्लँकेटं भिजून जड होत आणि वाळता वाळत नसत. म्हणून नायलॉनच्या दोन पातळ थरांत पॉलिस्टरचा भराव घालून हे शिवलं गेलं. पॉलिस्टरचा धागा पाणी पीत नाही. भिजलं तरी पिळून, झटकून पुन्हा अंगावर घेता येतं आणि बरीचशी ऊब टिकते. वरचं कापड रिपस्टॉप, म्हणजे ठरावीक अंतरावर जाड धागा विणलेलं, त्यामुळे एखाद्या काट्याने भोक पडलं तरी ते पुढे फाटत जात नाही. बाभळी-बोरींच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, झोपणाऱ्याला याची किंमत कळते. आकार साधारण ६२ × ८२ इंच. काठाला आठ नाड्या असतात, चार कोपऱ्यांना आणि चार बाजूंच्या मध्यावर. सैनिकाच्या पावसाळी पोंचोला, म्हणजे डोक्यातून घालायच्या सैल रेनकोटला, काठाने धातूच्या रिंगा असतात, त्यांत या नाड्या बांधायच्या. लाइनर म्हणजे अस्तर, आणि ते खरंच पोंचोचं अस्तर म्हणूनच बनलेलं आहे. पुढचं सगळं समजून घ्यायला हे लक्षात ठेवावं लागतं, कारण बरेच जण त्याला स्वतंत्र पांघरूण समजून घेतात आणि पहिल्याच रात्री नाराज होतात.

माझा चुलतभाऊ अमेरिकेत असतो. तिकडे लष्कराचा जुना माल विकणारी दुकानं असतात. सुट्टीत येताना त्याने एक वापरलेला लाइनर आणला. जुना माल घेताना काय पाहायचं ते मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, आणि आल्यावर पुन्हा स्वतः पाहिलं. आधी उजेडासमोर धरायचा. भराव सरकलेला असेल तर काही ठिकाणी कापड झिरझिरीत दिसतं आणि काही ठिकाणी गुठळ्या. माझ्या लाइनरला एका कोपऱ्याकडे हातभर जागा पातळ निघाली. तो कोपरा मी कायम पायांकडे ठेवते. मग टाक्यांवरून बोट फिरवायचं, कारण भराव जागच्या जागी धरून ठेवतात ते टाकेच. ते उसवले की दोन धुण्यांत भराव गोळा होतो. नाड्या ओढून पाहायच्या. आणि आत शिवलेली चिठ्ठी वाचायची. अस्सल सरकारी मालावर कराराचा क्रमांक आणि ८४०५ ने सुरू होणारा साठा-क्रमांक असतो. बाजारात नक्कलही भरपूर मिळते. नक्कल टाकाऊ असते असं नाही, पण तिचा भराव किती टिकेल हे हातात घेऊन सांगता येत नाही.

किराणा दुकानातल्या काट्यावर वजन केलं तर पाऊण किलोच्या आसपास भरलं. दुकानदार काका दोन बोटांत कापड चुरगाळून म्हणाले, "यात थंडी भागते काय?" प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर मी आधी घराच्या गच्चीवर शोधलं.

गच्चीवर मी तो मुद्दाम तसाच वापरून पाहिला. अर्धा अंगाखाली, अर्धा अंगावर, खाली उघडी फरशी. अंगावरची बाजू छान होती. पण मध्यरात्र उलटायच्या आत कूस आणि खांदा गार पडले, म्हणजे अंगाचा भार जिथे पडतो नेमकं तिथे. कारण साधं आहे. ऊब भरावात नसते, भरावात अडकलेल्या हवेत असते. आपण त्यावर झोपलो की हवा निघून जाते आणि उरतात कापडाचे दोन थर. खालची फरशी किंवा जमीन मग रात्रभर अंगातली उष्णता ओढत राहते. दुसऱ्या रात्री खाली फोमची चटई घेतली आणि पूर्ण लाइनर अंगावर. त्याच गच्चीवर, तसल्याच हवेत पहाटेपर्यंत झोप लागली. तेव्हापासून माझा नियम पक्का झाला: लाइनर सगळा वर, आणि अंगाखालची सोय निराळी.

वावरात ही खालची सोय फुकट मिळते. मामाजींच्या खोपटात कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, असतं, गव्हाचं किंवा सोयाबीनचं. सोयाबीनचं टोचतं आणि त्याची धूळ नाकात जाते, म्हणून गव्हाचं घ्यावं. वीतभर जाडीचा थर, त्यावर ताडपत्रीचा तुकडा, त्यावर चटई. एवढं केलं की जमीन आपल्या वाटेला जात नाही. खाटेवर झोपायचं असेल तर हिशोब बदलतो. खाटेच्या विणीतून खालचं वारं सरळ पाठीला लागतं, म्हणून तिथे जुनी गोधडी चारपदरी करून अंथरावी लागते. तरीही मी सांगेन, पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत वावरात खाट किंवा मचाणच बरी, आणि मच्छरदाणी चहूबाजूंनी नीट खोचलेली. मण्यार रात्री फिरते, अंथरुणात शिरते आणि तिचा दंश कित्येकदा झोपलेल्याला कळतही नाही. कडाक्याच्या थंडीत साप कमी फिरतात, पण लाइनर झटकल्याशिवाय मी कुठल्याच मोसमात अंगावर घेत नाही. कुटारही काठीने आधी हलवून घेते. सामान कितीही हलकं आणि सोयीचं असलं तरी ही काळजी सुटत नाही.

मग शिवणकाम. पाय उघडे पडले की सगळी रात्र जाते, म्हणून पायांकडची बाजू बंद व्हायला हवी होती, आणि वरची मोकळी. इतवारीतून मीटरवर मिळणारी दीड मीटर चेन आणली, प्लास्टिकच्या दातांची, वर दोन रनर. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या नेहमीच्या टेलरकाकांकडे गेले. लाइनर उभा दुमडायचा, चेनची सुरुवात खालच्या काठाच्या बरोबर मध्यावर, म्हणजे घडीवर करायची, तिथून कोपऱ्यापर्यंत न्यायची आणि कोपऱ्यावरून वर मांडीपर्यंत. बंद केली की पायांची पिशवी होते. पूर्ण उघडली की लाइनर पुन्हा सपाट.

टेलरकाकांनी कापड मशीनखाली घातलं आणि लगेच थांबले. भरावामुळे वरचा थर पुढे सरकत होता आणि खालचा मागे राहत होता. त्यांनी मशीनची मोठी सुई काढून बारीक लावली, सुती दोरा काढून पॉलिस्टरचा लावला, कारण सुती दोरा ओल धरतो आणि आधी कुजतो. काठावर आधी हाताने कच्चे टाके घातले आणि मगच चेन बसवली. कोपरा त्यांनी चौकोनी ठेवला नाही, वाटी ठेवून खडूने गोल आखला. "चेन काटकोनात वळत नाही ताई, तिथेच रनर अडकते," म्हणाले. त्या गोलाईवर आजपर्यंत रनर एकदाही अडकलेलं नाही. नाड्या मात्र मी एकही काढू दिली नाही.

पोंचोचा प्रश्न ताडपत्रीच्या दुकानात सुटला. आपल्याकडच्या रेनकोटछाप पोंचोला रिंगा नसतात. दुकानातल्या माणसाने माझ्या नायलॉनच्या पोंचोच्या काठाला पट्टी दुमडून आठ पितळी रिंगा ठोकून दिल्या, लाइनरच्या नाड्यांशी जुळतील अशा. आता दोन्ही एकत्र बांधता येत होते.

आणि इथे मला जे शिकायला मिळालं ते मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. पोंचो लाइनरला बांधून, त्यात गुंडाळून झोपलं की सुरुवातीला फार ऊब येते. वारं पूर्ण तुटतं. पण माणसाच्या अंगातून रात्रभर वाफ निघत असते, पोंचोच्या कापडातून ती बाहेर जात नाही, आणि बाहेर गार असल्यामुळे आतल्या बाजूने तिचं पाणी होतं. पहाटे हात फिरवला तर लाइनरचा वरचा थर ओला लागला, आणि बाहेर दवाचा थेंबही लाइनरला शिवलेला नव्हता. ती सगळी ओल माझ्याच अंगातली. पावसात दुसरा इलाज नसेल तर तसं झोपावं. कोरड्या हिवाळ्यात पोंचो अंगाला लावूच नये. मी तो आता तिरपा ताणते: वाऱ्याकडची बाजू जमिनीलगत खुंट्यांना, दुसरी बाजू कंबरेइतकी उंच दोरीला. डोकं उंच बाजूकडे. दव पोंचोवर पडतं, वाफ मोकळी निघून जाते. शिवाय निरभ्र रात्री उघड्यावरच्या वस्तूंची उष्णता सरळ आभाळाकडे जाते, म्हणूनच तर गवतावर आणि गाडीच्या सीटवर दव साचतं. वर एक पातळ आडोसा असला तरी तेवढी उष्णता वाचते. संत्र्याच्या झाडाखाली झोपलेल्याला आणि मोकळ्या धुऱ्यावर झोपलेल्याला एकाच रात्री निराळी थंडी का वाजते, ते यातून कळतं.

किती थंडीपर्यंत चालतं? माझा अनुभव सांगते, अंगाअंगाचा फरक धरावा. पंधरा अंशांपर्यंत चटई आणि लाइनर पुरेसा. दहाच्या आसपास स्वेटर, लोकरी टोपी, कोरडे मोजे आणि वर ताणलेला पोंचो हवा. टोपीला पर्याय नाही, कारण लाइनरला डोक्याची टोपडी नसते. त्याखाली पारा गेला की मी मामींची घोंगडी मागून घेते आणि लाइनर तिच्या आत घालते. वर लोकर, आत हा, असा जोड फारच छान जमतो. सहा अंशांत एकट्या लाइनरवर निभावेल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

मामाजींनी पहिल्या रात्री तो हातात घेऊन मला विचारलं होतं, "काहून वं, शहरात गोधड्या भेटत नाही काय?" पण पहाटे ओलिताची पाळी बदलायला ते उठले तेव्हा मीही उठले आणि लाइनर त्यांच्या खांद्यावर टाकला. पाटाचं पाणी वळवताना त्याचा खालचा काठ चिखलात भिजला. त्यांनी तो पिळला, तुरीच्या झाडावर टाकला, आणि आमचा चहा होईस्तोवर पाणी निथळून कापड हाताला जेमतेम दमट लागत होतं. मामाजी दोनदा चाचपून आले. त्या दिवसापासून चौकशी बदलली. आता फोनवर मला विचारतात, "ते घेऊन येतं ना?"

एका गोष्टीपासून मात्र त्याला जपावं लागतं, आणि ती नेमकी आपल्या जागलीचा जीव आहे: शेकोटी. नायलॉन जळायच्या आधी वितळतं. उडालेली बारीकशी ठिणगी कापडावर बसली की डोळ्यादेखत भोक पडतं आणि भोकाच्या कडेला काळा, कडक मणी राहतो. तो मणी कातडीला लागला तर भाजतं. लाइनर पांघरून शेकायला बसायचं नाही, हे मी सोबतच्या प्रत्येकाला सांगते. शेकताना सुती चादर किंवा घोंगडी घ्यावी, झोपायच्या वेळी लाइनर. पडलेलं भोक तसंच ठेवू नये. कडा कात्रीने साफ करून दोन्ही बाजूंनी नायलॉनची ठिगळं लावावीत, नाहीतर भराव तिथून निघत राहतो.

लाइनरची खरी परीक्षा थंडीत झाली नाही, पावसात झाली. पचमढीच्या नागद्वारीच्या यात्रेला विदर्भातून लोक लोटतात. सातपुड्याच्या व्याघ्रप्रकल्पातली ती वाट नागपंचमीच्या आधीचे ठरावीक दिवसच खुली असते, आणि ते दिवस भर पावसाचे. चढ, निसरडे दगड, लोखंडी शिड्या, आणि रात्री कुठल्या तरी मंडळाच्या मंडपात मिळेल तिथे अंग टाकायचं. मंडपाखालून पाणी वाहतं, वरून फुंकर येते. सोबतच्या बायकांच्या चादरी संध्याकाळीच भिजून गेल्या होत्या. माझा लाइनर पायांकडून पूर्ण भिजला. मी तो पिळला, पाण्याची धार निघाली, झटकला आणि कोरडा सलवार-कुडता घालून त्यात शिरले. ओलेपणा जाणवत होता, थंडी वाजत नव्हती. व्हिएतनामच्या पावसासाठी बनलेली वस्तू सातपुड्याच्या पावसात बरोबर आपल्या जागी होती. शेजारच्या मावशी कुडकुडत बसल्या होत्या. चेन पूर्ण उघडून आम्ही दोघींनी तो आडवा घेतला आणि झोपलो.

रंगाबद्दल एक सांगते. माझ्या लाइनरवर लष्करी छाप्याची हिरवी-तपकिरी नक्षी आहे. पांघरूण म्हणजे गणवेश नाही, पण सैनिक असल्याचं भासवायला लष्करी पोशाख घालणं हा आपल्याकडे गुन्हा आहे, आणि जंगलपट्ट्यात नाक्यावरचा पोलीस किंवा वनरक्षक विचारणा करणारच, त्याचं ते कामच आहे. मी तो खांद्यावर घेऊन फिरत नाही, पिशवीतच ठेवते. निवडता आला तर साधा एकरंगी घ्यावा.

धुणं सोपं आहे: गार पाणी, थोडी साबणाची पावडर, ब्लीच नाही, मशीनच्या ड्रायरमध्ये घालायचा नाही, सावलीत वाळवायचा. इस्त्री तर नाहीच. मोसम संपल्यावर दाबून पिशवीत कोंबून ठेवला की भराव बसतो आणि पुन्हा फुगत नाही, म्हणून कपाटात सैल घडी करून ठेवते. डांबराच्या गोळ्यांची गरज नाही, कसर याला खात नाही.

आता मामाजींना स्वतःचा हवा आहे, आणि अमेरिकेहून दरवेळी कोण आणणार. म्हणून यंदा पोळ्याच्या सुमारास मी गांधीबागेतून गडद मातकट रंगाचं पॅराशूट कापड घेतलं, गादीवाल्याकडून फायबरची पातळ शीट घेतली, आणि माझा लाइनर नमुना म्हणून त्याच्यासमोर पसरला. त्याला दोन गोष्टी बजावून सांगितल्या: टाके चार-चार बोटांवर हवेत, रजईसारखे वीतभर अंतरावर नकोत, कारण पातळ भराव लगेच सरकतो, आणि काठाची पट्टी दुहेरी, म्हणजे नाड्या ओढल्या तरी उसवणार नाही. तयार झाला तो माझ्यापेक्षा थोडा जड भरला, कापडही थोडं सळसळतं. उन्हाळ्याच्या शेवटी धुवून भराव किती सरकला ते बघायचं आहे. दुसरा नमुना मामींसाठी करायचाय, त्यात भराव तेवढाच ठेवून लांबी वीतभर कमी करणार आहे, म्हणजे वजन उतरेल.